रात्रीची लाईट, संध्याकाळची गोळी: मधुमेहाचे निर्णय डॉक्टरांसोबत मिळून कसे घ्यायचे

निफाड तालुक्यात माझ्या काकांची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की त्यांच्याकडे सल्लागार येतात. दोघं वेलींखाली वाकून फिरतात आणि काकांचं तोंड सतत चालू असतं. खालच्या अंगाला पाणी साचतं, तिथे डावणीची बुरशी आधी येते. मागच्या साली हाच डोस मारला तर पानं करपली होती. यंदा मजूर कमी आहेत, एवढी विरळणी झेपायची नाही. सल्लागार ऐकून घेतात, आपलं म्हणणं मांडतात. कधी काका मानतात, कधी सल्लागार डोस बदलून देतात. पानांच्या देठांतली अन्नद्रव्यं मोजणाऱ्या देठ परीक्षणाचा रिपोर्ट तर काका ओळ न् ओळ वाचतात आणि आकडा पटला नाही तर तसं सांगतात.

हेच काका नाशिकला दवाखान्यात आले की खुर्चीच्या काठावर बसतात. मी सोबत असते, कारण मी कॉलेज रोडला राहते आणि त्यांची फाईल माझ्याकडे असते. डॉक्टर विचारतात, "काका, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" काका म्हणतात, "हो साहेब." "पथ्य?" "हो साहेब." डॉक्टर रिपोर्ट बघतात, लिहून देतात, पुढची तारीख मिळते आणि आम्ही बाहेर.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका भेटीत त्यांचा तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा ८.९ आला. डॉक्टरांनी संध्याकाळच्या गोळीचा डोस वाढवला. परत जाताना ओझरला चहाला थांबलो, तेव्हा काका बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "वाढवून काय उपयोग? ती मी अर्धीच घेतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेतीच्या पंपाची लाईट त्या दिवसांत रात्रीची होती. बाराच्या पुढे मोटार चालू करायला काका एकटे मळ्यात जायचे. दोनदा असं झालं की अंगाला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या वेळी तर घर कुठल्या दिशेला हेच सुचेना. बांधावर बसून राहिले. शेवटी काकू बॅटरी घेऊन शोधत आली. काकांनी त्यावर आपल्या मनाने उपाय काढला: सुपारीच्या अडकित्त्याने गोळी मधोमध कापायची, अर्धी घ्यायची, अर्धी परत पाकिटात. डॉक्टरांना सांगितलं नाही. "त्यांना वाईट वाटेल. आपण काय डॉक्टर आहोत का?"

त्या एका गोळीत दोन औषधं होती, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारा रस, सोडायला लावतं. तुम्ही पोटभर जेवलात की अर्धी भाकरी खाल्लीत, हे त्या गोळीला कळत नाही. आठ वाजता थोडंसं जेवून बारा वाजता मळ्यात चालत गेलेल्या माणसाची साखर त्यामुळे खाली जाऊ शकते. आणि मेटफॉर्मिनचा भाग होता सावकाश विरघळणारा. अशी गोळी कापली की औषध एकदम सुटतं, म्हणून ती अख्खीच गिळायची असते.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर रुग्ण म्हणतोय की गोळ्या वेळेवर घेतो, आणि आकडा ८.९. डोस वाढवणं त्या माहितीवर बरोबरच होतं. काकांच्या बाजूने पाहिलं तर विहिरीच्या काठावर चक्कर येण्यापेक्षा अर्धी गोळी बरी, हेही बरोबरच. अर्धी माहिती दवाखान्यात होती, अर्धी मळ्यात. मधल्या तीसेक किलोमीटरमध्ये ती कधी एकत्र आलीच नाही. काकांनी तो वाढवलेला डोस निमूटपणे अख्खा घेतला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही.

ही माहिती एकत्र आणून उपचार ठरवण्याला इंग्रजीत 'शेअर्ड डिसिजन मेकिंग' म्हणतात. मी त्याला 'मिळून ठरवणं' म्हणते. १९८२ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या वैद्यकीय नीतिमत्ता आयोगाने रुग्णाच्या संमतीवर अहवाल दिला, त्यात हा शब्दप्रयोग पुढे आला. संमती म्हणजे कागदावरची सही एवढंच धरू नये, असं त्यामागचं म्हणणं होतं. पुढे अभ्यासकांनी त्याच्या पायऱ्या केल्या. आधी डॉक्टरांनी सांगायचं की इथे एकाहून जास्त मार्ग आहेत. मग प्रत्येक मार्गाचा फायदा, त्रास, खर्च समजेल अशा भाषेत मांडायचा. मग रुग्णाला काय जास्त महत्त्वाचं वाटतं ते विचारून दोघांनी मिळून एक मार्ग धरायचा. काका आणि त्यांचे सल्लागार वेलींखाली हेच करतात.

सगळ्याच आजारांत हे सारखं लागू होत नाही. अपेंडिक्स फुटायला आलं असेल तर सर्जन ठरवतात, सर्जनच कापतात, आपण टेबलावर पडलेलो असतो. मधुमेहात निर्णय डॉक्टरांनी दहा मिनिटांत लिहायचा आणि तो अमलात आणायचा आपण, रोज, वर्षानुवर्षं. गोळी कधी घ्यायची, ताटात भात किती, आज चालायला जायचं की नाही, पायाला फोड आलाय तो दाखवायचा की दोन दिवस थांबायचं. वर्षातून चार भेटी धरल्या तर डॉक्टरांसमोर आपण तासभरसुद्धा नसतो. उरलेल्या वेळात डॉक्टर आपणच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली आला, त्यानुसार भारतात मधुमेह असलेले सुमारे १०.१ कोटी लोक आहेत. एवढ्या लोकांच्या घरी रोज हे निर्णय होतात.

आता आकड्याकडे येऊ, कारण दवाखान्यात सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर साखर चिकटत राहते. किती चिकटली हे एचबीएवनसी सांगते. ७ म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. ही सरासरी आहे हे नीट लक्षात ठेवा. दुपारी २८० आणि मध्यरात्री ५५ अशी साखर असली तरी सरासरी बरी दिसू शकते. काकांचा बांधावरचा घाम त्या रिपोर्टमध्ये कुठेच छापलेला नव्हता. तो सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो "हो साहेब" म्हणत होता.

हा आकडा किती हवा? बहुतेकांना "सातच्या खाली" असं सांगितलं जातं आणि त्याला भक्कम आधार आहे. ब्रिटनमध्ये नव्याने टाईप २ मधुमेह, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होणारा प्रकार, झालेल्या हजारो लोकांचा वीस वर्षं चाललेला अभ्यास १९९८ साली जाहीर झाला. ज्यांचा आकडा सातच्या आसपास राहिला त्यांना डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास, ७.९ च्या आसपास असलेल्यांपेक्षा एक चतुर्थांशाने कमी झाले. मग आणखी खाली आणला तर आणखी फायदा, असं वाटणारच. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांहून जास्त लोकांवर तेही करून पाहिलं. हे लोक वयाने मोठे होते, मधुमेह जुना होता, हृदयविकाराचा धोका होता. एका गटाचा आकडा सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होताहेत असं दिसल्यावर २००८ साली तो जोरदार उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला.

म्हणून जाणकार आज सगळ्यांना एकच आकडा लावत नाहीत. चाळिशीतल्या, नुकताच मधुमेह कळलेल्या, बाकी ठणठणीत माणसाने सातच्या खाली, जमल्यास साडेसहाकडे जावं. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याला डोळे आणि किडनी सांभाळायची आहेत. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, साखर अचानक उतरण्याचा धोका असलेल्या माणसाला आठपर्यंतचा आकडाही चालू शकतो. यांच्या मधे कुठे थांबायचं, हे तुमचं वय, इतर आजार आणि तुमचा दिवस कसा जातो यावर ठरतं. वय आणि आजार फाईलमध्ये असतात. दिवस तुम्हालाच सांगावा लागतो. "माझा आकडा किती असावा, आणि तेवढाच का?" हा प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. मला तर हा सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो.

औषधांचंही तसंच. पूर्वी हातात औषधं मोजकी होती. आता पाच-सहा प्रकारच्या गोळ्या आहेत, टोचायची औषधं वेगळी. टाईप २ मध्ये सुरुवात बहुतेक वेळा मेटफॉर्मिनने होते. ते स्वस्त आहे, साखर एकदम पाडत नाही, पण सुरुवातीला पोट बिघडवू शकतं आणि लांब काळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी करू शकतं. ते पुरेनासं झालं की खरी निवड सुरू होते. ग्लिमेपिराईडसारखी गोळी स्वस्त आणि जोरदार, पण साखर खाली जाऊ शकते आणि वजन थोडं वाढतं. सिटाग्लिप्टिनसारखी गोळी सौम्य आहे, तिने एकटीने साखर सहसा फार उतरत नाही, वजनही तिथेच राहतं, मात्र आकडा थोडाच कमी होतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीतली गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. वजन कमी होतं, हृदय आणि किडनीला संरक्षण मिळतं, पण लघवी वाढते आणि गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. हा शेवटचा त्रास बायका तर कोणालाच सांगत नाहीत, गोळी तेवढी गुपचूप बंद होते. टोचायची नवी औषधं वजन चांगलंच कमी करतात, पण महाग आहेत आणि मळमळ होते.

यातलं सर्वात चांगलं कुठलं? हा प्रश्न अर्धवट आहे. कोणासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने यासाठी एक साधी युक्ती काढली. त्यांनी कार्डं बनवली, पण औषधांच्या नावांची नव्हे. एक कार्ड वजनाचं, एक साखर खाली जाण्याचं, एक रोजच्या वेळापत्रकाचं, एक इतर त्रासांचं, असं. डॉक्टर कार्डं टेबलावर मांडतात आणि विचारतात, आधी कशाबद्दल बोलू या? बोलणं तिथून सुरू होतं. आपल्याकडे छापील कार्डं नसली तरी तोंड आहे.

पुढच्या भेटीत मी काकांना बोलायला लावलं. खरं तर मीच सुरुवात केली, "डॉक्टर, काका संध्याकाळची गोळी अर्धी घेतात, त्याचं कारण ऐकून घ्या." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चुगलीच केली. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "लाईट किती वाजता येते?" माझ्या आठवणीत त्या खोलीत मळ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. काकांची पाठ सरळ झाली. मग ते बोलले, आठवड्याला लाईट कशी बदलते, जेवण कधी होतं, मोटार किती लांब आहे, सगळं.

डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. लघवीवाटे साखर काढणारी गोळी काकांना नको होती, "रात्रीत आधीच तीनदा उठतो साहेब." डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय किंवा किडनी बिघडलेली असती तर मी या गोळीसाठी आग्रह धरला असता, पण तुमचे रिपोर्ट बरे आहेत, हरकत नाही. शेवटी ठरलं ते असं: संध्याकाळचं ग्लिमेपिराईड बंद, नुसतं मेटफॉर्मिन चालू, सोबत सिटाग्लिप्टिन. आकड्याचं ध्येय साडेसातच्या आसपास. खिशात साखरेची पुडी कायम. घाम, थरथर, धडधड झाली की मशीनने तपासायचं, साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. मशीन जवळ नसेल तर आधी साखर खायची. यातलं प्रत्येक पाऊल काकांच्या प्रकृतीसाठी होतं. तुमची गोळी यावरून बदलू नका, हे प्रश्न तेवढे घेऊन जा.

पैशाबद्दल बोलायला आपल्याला सर्वात जास्त लाज वाटते. लिहून दिलेली गोळी परवडली नाही तर माणूस एक दिवसाआड घेतो, पुढच्या भेटीत आकडा वाढतो आणि डॉक्टर त्यावर आणखी एक महाग गोळी चढवतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० साली संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ साली. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव खाली आले. जनऔषधी दुकानात जेनेरिक मिळतात. पण हे सगळं तेव्हाच उपयोगी, जेव्हा तुम्ही तोंडाने म्हणाल, "डॉक्टर, महिन्याला एवढेच जमतात, यात बसवून द्या." साखर मोजायच्या स्ट्रिप्सचंही तसंच. आठवड्याला तीनच परवडत असतील तर त्या कुठल्या वेळी वापरायच्या, हे विचारून घ्या. रोज सकाळी उपाशीपोटी तीच ती तपासणी करण्यापेक्षा वेळा बदलून केलेली तपासणी बरंच काही सांगून जाते.

उपवास हा दुसरा न बोलला जाणारा विषय. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणारे आपल्याकडे घरोघर आहेत. पोट रिकामं ठेवलं आणि गोळी तीच घेतली तर साखर खाली जाते. साबुदाणा, बटाटा, भगर यांवर दिवस काढला तर वर जाते, कारण तो सगळा पिष्टाचाच मारा. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळीवर असताना कडक उपवास केला तर रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर धोका असतो. चैत्रात सप्तशृंगी गडावर अनवाणी चालत जाणाऱ्यांत मधुमेहीही असतात. पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर काटा घुसलेला कळत नाही. डॉक्टर एका वाक्यात "करू नका" म्हणतात, माणूस मान हलवतो आणि जायचं तिथे जातोच, आता फक्त न सांगता. त्यापेक्षा पंधरा दिवस आधी सांगितलं तर डोस बदलता येतो, बूट आणि मोजे ठरवता येतात, मुक्कामी रोज रात्री तळपाय कोणी बघायचे ते ठरतं. काही जणांना डॉक्टर खरोखरच नाही म्हणतील. पण कारण कळून ऐकलेलं नाही आणि नुसतं दटावणं यांत फरक असतो.

सातपूर, अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट बदलत्या असतात. दोन जेवणांआधी घ्यायचं मिश्र इन्सुलिन रात्रपाळीच्या आठवड्यात कोलमडतं, कारण जेवणच मध्यरात्री होतं. शिफ्टचं वेळापत्रक फाईलला लावून न्या. जेवणाच्या वेळेशी कमी बांधलेली इन्सुलिनंही असतात.

मिळून ठरवण्याची हद्द कुठे संपते, हेही स्पष्ट सांगायला हवं. टाईप १ मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे ते घ्यायचं की नाही हा प्रश्नच नाही. ते बंद केलं तर जीव जातो. कुठलं, किती वेळा, पेनने की सिरिंजने, एवढंच ठरवायचं असतं. उलट्या होताहेत, श्वास जोरात चाललाय, साखर खूप वर आहे, अशा वेळी आधी दवाखाना. पायाची जखम लाल होऊन चिघळली असेल तर घरी चर्चा करत बसू नका. डोळ्याचा पडदा, किडनीसाठी लघवीतलं प्रथिन आणि पायांची तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. "इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं", "गोळ्यांनी किडनी जाते" हे ऐकीव बोलणं म्हणजे पर्याय नव्हे. डॉक्टरांना ते खोडून काढण्याची संधी तरी द्या.

वेळेचं काय? ही तक्रार दोन्हीकडून खरी आहे. वेगवेगळ्या देशांत प्राथमिक उपचाराच्या डॉक्टरांची एक भेट किती वेळ चालते, याचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनची सरासरी बावीस मिनिटांच्या वर होती आणि भारताची सुमारे दोन मिनिटं. बाहेर साठ माणसं बसलेली असताना डॉक्टर किती बोलणार? हे बदलायला आणखी डॉक्टर हवेत, प्रशिक्षित समुपदेशक हवेत. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद आणि नीतिमत्ता यांचा वेगळा भाग आला आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकातच, म्हसरूळला आहे. तिथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींकडून मला खूप आशा आहे. तोवर दोन मिनिटं असतील तर ती आपण तयारीने वापरू. घरून चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहून न्या: मी खरंच काय घेतोय, मला काय त्रास होतोय, आणि मला काय जमणार नाही. ती चिठ्ठी बसल्या बसल्या समोर ठेवा.

"तुम्हीच ठरवा डॉक्टर" असं म्हणण्यातही काही चूक नाही. पर्याय ऐकून घेतल्यावर, आपली अडचण सांगून झाल्यावर, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यावर सोपवणं हाही तुमचाच निर्णय. माझी आई असंच करते. फक्त अडचण आधी सांगते.

आणि एक माणूस या बोलण्यात हमखास विसरला जातो, स्वयंपाकघरातला. काकांचं पथ्य काकू सांभाळते. तिला कोणी कधी केबिनमध्ये बसवलंच नव्हतं. तिला स्वतःला मधुमेह असता तर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणाऱ्या बाईच्या गोळीची वेळ कोणी धरली असती? नंतरच्या भेटीला तिलाही घेऊन गेलो. तिने एकच विचारलं, रात्री मळ्यात जाण्याआधी यांना काय खायला देऊ? डॉक्टरांनी दूध आणि मूठभर फुटाणे सांगितले. इतका साधा प्रश्न होता, आणि तो सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता.

सहा महिन्यांनी आकडा ७.६ आला. बांधावर पुन्हा बसावं लागलं नाही. डॉक्टर तारीख लिहीत होते, एप्रिलचा दुसरा आठवडा. काका म्हणाले, "साहेब, तेव्हा माझी खरड छाटणी असते. महिनाअखेर द्या." डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि महिनाअखेरची तारीख टाकली.